धातूच्या रायझरचं धनुष्य आणायच्या आधी

भाचा लातूरहून पुण्याला धनुष्य घ्यायला निघाला, तेव्हा आदल्या रात्री मी त्याला सगळं तोंडी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात उभा राहून त्याचा फोन: "मामा, लिम्ब कितीचे घेऊ?" तेव्हापासून मी लिहूनच देतो. आमच्याकडं लिंब म्हणजे दारातलं कडुनिंबाचं झाड. धनुष्याचे लिम्ब म्हणजे वरचं आणि खालचं पातं, आणि मधला मुठीचा भाग तो रायझर. ज्यांना साइट (नेम धरायची खूण), स्टॅबिलायझर (तोल सांभाळायचा दांडा), क्लिकर (पूर्ण ओढ झाली की टक् वाजणारी पट्टी) यातलं काही नको, नुसत्या नजरेनं बाण सोडायचाय, पण रायझर मात्र धातूचा हवाय, त्यांच्यासाठी ही तयारी.

सगळी धनुष्यं सारखीच, हा गैरसमज आधी काढून टाकतो. ओजस देवतळे आणि अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंड धनुष्यावर. त्याला कप्प्या असतात आणि पूर्ण ओढल्यावर हातावरचा बराचसा भार उतरतो. आपण घेतोय ते रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं बिनकप्प्यांचं धनुष्य. त्याला ती सोय नाही. जितकं मागं ओढाल तितका भार वाढत जातो, आणि तो पेलत पेलतच नेम धरायचा असतो. त्यामुळं पहिली तीन कामं घरीच उरकायची.

पहिलं डोळ्याचं. दोन्ही हात समोर लांब करा, अंगठे आणि तर्जन्या जुळवून मध्ये छोटी खिडकी ठेवा आणि तिच्यातून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघा. मग एकेक डोळा मिटा. भाचा सगळं उजव्या हातानं करतो, पण उजवा डोळा मिटला तरी टाकी खिडकीत तशीच होती आणि डावा मिटताच गायब झाली. म्हणजे त्याचा डावा डोळा प्रबळ. साइट नसलेल्या धनुष्यात बाण ज्या डोळ्याखाली येतो तो डोळा महत्त्वाचा, म्हणून मी त्याला डावखुरं धनुष्य घ्यायला लावलं. आठवडाभर कुरकुरला, मग सवय झाली. दुकानात उजवं धनुष्य म्हणतात ते डाव्या हातात धरून उजव्या हातानं ओढायचं असतं, हे डोक्यात पक्कं ठेवा. इथं घोटाळा झाला की रायझरच बदलावा लागतो.

दुसरं काम टेपचं. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरा, बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतचं माप घ्या आणि अडीचनं भागा. १७० सेंटिमीटर भरलं तर ६८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पावणेसत्तावीस इंच. ही तुमची ओढ. दोरी हनुवटीखाली न आणता ओठाच्या कोपऱ्याशी आणणार असाल तर ती थोडी वेगळी भरू शकते.

तिसरं काम वजनाचं, म्हणजे दोरी ओढताना हातावर येणाऱ्या भाराचं, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. मीही फसलो. दुकानदार म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसाला ४० पौंड काहीच नाही," आणि मी फुगलो. ४० पौंड म्हणजे १८ किलो. पाण्याचा २० लिटरचा जार आपण टँकरपासून घरापर्यंत नेतोच की, असं वाटतं. पण जार उचलतो तो कमरेच्या आणि पायांच्या जोरावर. इथं तेवढाच भार तीन बोटांवर ओढायचा, गालाशी आणून थांबायचं, आणि तेही संध्याकाळभरात शंभर वेळा. दहाव्या बाणाला माझा हात थरथरायला लागायचा, म्हणून मी दोरी गालापर्यंत यायच्या आतच सोडायचो. चार महिन्यांत खांदा धरला, आणि अर्ध्यातच सोडायची खोड मोडायला पुढं वर्ष गेलं. धडधाकट पुरुषानं स्वतःच्या ओढीवर २४ ते २८ पौंडांपासून सुरुवात करावी, मुलांनी आणि बायकांनी १८ ते २२ पासून. मित्र हसतील. हसू द्या.

धातूचा रायझर घ्यायचं खरं कारणही हेच. रायझर एकदाच घ्यायचा, लिम्ब दोन-तीनदा बदलायचे. म्हणून पैसा रायझरमध्ये घाला आणि पहिले लिम्ब स्वस्तातले, हलके घ्या. मात्र रायझर आयएलएफ (इंटरनॅशनल लिम्ब फिटिंग) जोडणीचाच हवा. ही जोडणी निरनिराळ्या कंपन्या वापरतात, त्यामुळं एकीच्या रायझरवर दुसरीचे लिम्ब बसतात. हॉईट कंपनीची फॉर्म्युला ही जोडणी वेगळी आहे. आयएलएफचे लिम्ब तिच्यावर बसत नाहीत. जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून जाण्याआधी एवढं विचाराच.

लिम्बवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. मध्यम लांबीच्या लिम्बवर '६६-३६' आणि '६८-३४' असं छापलेलं दिसेल. अर्थ असा: २३ इंची रायझरवर लावले तर धनुष्य ६६ इंची आणि ३६ पौंडी, २५ इंचीवर लावले तर ६८ इंची आणि ३४ पौंडी, आणि दोन्ही २८ इंचांच्या ओढीवर. रायझर दोन इंचांनी आखूड केला की साधारण दोन पौंड चढतात. तुमची ओढ इंचभर कमी असेल तर तितकेच उतरतात. म्हणजे हौसेनं १९ इंची रायझर घेणाऱ्याला तेच लिम्ब छापल्यापेक्षा बरेच जड लागणार. रायझरच्या बोल्टनं सुमारे दहा टक्के वजन कमी-जास्त करता येतं, पण ते ठरवून दिलेल्या मर्यादेतच. बोल्ट वाजवीपेक्षा सैल केला तर लिम्ब सुटून अंगावर येऊ शकतो.

लांबीबाबत माझं मत सरळ आहे. सत्तावीसच्या आसपास ओढ असेल तर २५ इंची रायझर आणि आखूड लिम्ब, एकूण ६६ इंच. त्याहून लांब ओढ असेल तर ६८. रानात, झाडीतून फिरत नेम मारायचा असेल तर ६०-६२ इंची धनुष्य सुटसुटीत पडतं, पण त्यात दोरीचा कोन तीव्र होतो आणि बोटं चिमटतात. शिकताना ते नको.

आता दुकानात. रायझर हातात घ्या आणि हात लांब करून मिनिटभर तसाच धरा. धातूचा २५ इंची रायझर किलोच्या वरच भरतो. या वजनानंच धनुष्य स्थिर राहतं, पण मनगट आधीच गळालं तर त्याचा फायदा नाही. मग बाण टेकतो तो शेल्फ बघा. बऱ्याच ऑलिंपिक धाटणीच्या रायझरचा शेल्फ सपाट असतो, त्यावरून थेट बाण सोडला तर तो घासत जातो. तिथं चिकटवायचा रेस्ट, म्हणजे बाण टेकवायचा छोटा आधार, लावावा लागेल. थेट शेल्फवरूनच सोडायचा हट्ट असेल तर शेल्फ मुठीच्या वर फुगीर असलेला रायझर शोधा, आणि बाणांना प्लास्टिकच्या पात्यांऐवजी खरी पिसं लावून घ्या. मूठ लाकडी किंवा रबरी असावी. परभणीच्या मे महिन्यात उन्हात टेकवून ठेवलेल्या रायझरची उघडी धातूची मूठ धरून बघा, बाकी काही समजावून सांगायला नको.

स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर नियम आधी वाचा. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या बेअरबो (साइट नसलेल्या धनुष्यांच्या) गटात धातूचा रायझर चालतो, त्याला वजनंही लावता येतात, पण दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून आरपार जायला हवं. पारंपरिक म्हणून भरणाऱ्या काही स्पर्धांत मात्र लाकडी रायझरच लागतो.

दोरी चढवून दाखवा, असं सांगाच. स्ट्रिंगरनंच, म्हणजे दोन्ही टोकांना अडकवून धनुष्य वाकवायच्या जाड दोरीनंच चढवायची, पायात अडकवून नाही, नाहीतर लिम्ब पिळतो. तो स्ट्रिंगर बिलात धरा. मग धनुष्य दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवं ठेवून मागून एका डोळ्यानं बघा: दोरी दोन्ही लिम्बच्या आणि रायझरच्या मधोमध दिसली पाहिजे. थोडी बाजूला असेल तर रायझरवर जुळवून घेता येते, पण लिम्बच पिळलेला असेल तर तो परत करा. सेकंडहँड लिम्बच्या कडांवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं चीर सुटलीय. दोरीपासून मुठीच्या खोबणीपर्यंतचं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, ६६ इंची धनुष्याला सव्वाआठ ते पावणेनऊ इंचांच्या दरम्यान ठेवून सुरुवात करा. दोरीला पीळ दिला की ते वाढतं. आणि बाण न लावता ओढून सोडायचं नाही, दुकानदाराच्या पोरानं गंमत म्हणून केलं तरी ते धनुष्य घेऊ नका.

बाण एकदम डझनभर नकोत. त्याच्यावरच्या स्पाइनच्या, म्हणजे ताठपणाच्या आकड्याची चाल उलटी असते: ७०० चा बाण ५०० पेक्षा लवचिक. हलक्या धनुष्याला ताठ बाण दिला तर तो बाजूला पळतो. आधी दोन-तीन आणा, लांबी न कापता सोडून बघा, मग बाकीचे घ्या. बाण कार्बनचे असतील तर दर वेळी कानाजवळ हलकेच वाकवून ऐका, करकर ऐकू आली की तो बाण मोडून टाका. निशाण्याला सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यात जुन्या चिंध्या ठासून भरा आणि मागं मातीचा उंच बांध असेल अशीच जागा निवडा.

राहिली परतीची वाट. धनुष्य तीन तुकड्यांत सुटतं, पिशवी काही फार मोठी होत नाही. तरीही ती गाडीच्या डिकीत टाकू नका. नांदेडला एका लग्नात मी लिम्ब बंद गाडीत ठेवून जेवायला गेलो होतो. मे महिना, दुपारचे दोन. संध्याकाळी बघतो तर वरच्या लिम्बच्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ, थर सुटलेले. पिशवी मांडीवर घेऊन या, आणि घरी आल्यावर दोरी उतरवूनच खुंटीला लावा.