विमानतळावरून आणि उपनगरांतून मुंबई शहरात कसे पोहोचावे

मुंबईत पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा अंतर विचारतो, आणि मुंबईकर त्याला मिनिटांत उत्तर देतो. याचे कारण या शहराच्या आकारात आहे. मुंबई उभी, अरुंद आणि लांबट आहे; तिचे रेल्वेमार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात आणि दक्षिणेच्या टोकाला चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे बोलीतले सीएसएमटी, येथे संपतात. त्यामुळे उभा प्रवास लांबचा असला तरी सोपा असतो, आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याचा चार किलोमीटरचा आडवा प्रवास कधीकधी त्याहून जास्त वेळ खातो. उभे अंतर रुळांवरून कापावे आणि आडवे अंतर शक्य तितके कमी ठेवावे, एवढे धोरण ठरवले की पुढचे निर्णय सोपे होतात.

आधी ठिकाण कोणत्या मार्गावर आहे ते पाहावे

पत्ता हातात आल्यावर सर्वात आधी त्या ठिकाणाचे जवळचे रेल्वे स्थानक कोणते, ते पश्चिम, मध्य की हार्बर (पनवेल-वाशीकडून येणाऱ्या) मार्गावर आहे आणि घर स्थानकाच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला, या गोष्टी यजमानांना विचारून घ्याव्यात. शेवटचा प्रश्न नवख्या माणसाला क्षुल्लक वाटतो. पण ‘अंधेरी’ एवढाच पत्ता घेऊन चुकीच्या बाजूला उतरल्यास, सामानासह पुन्हा जिना चढून पादचारी पूल ओलांडण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. टॅक्सी किंवा रिक्षा चुकीच्या बाजूला गेली, तर रूळ ओलांडणारा रस्ता गाठण्यासाठी मोठा वळसा पडतो.

विमानाचे तिकीट नीट वाचावे

मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. जुना, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, अंधेरी आणि सांताक्रूझ यांच्या परिसरात आहे आणि त्याचा संकेत ‘बीओएम’ असा असतो. नवी मुंबईचा विमानतळ उलवे-पनवेलच्या बाजूला असून तेथून प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली. त्याचा संकेत ‘एनएमआय’ आहे. दोन्हींमध्ये पस्तीस-चाळीस किलोमीटरचे अंतर आणि मध्ये खाडी आहे, त्यामुळे घ्यायला येणाऱ्या नातेवाइकाला केवळ ‘मुंबई विमानतळ’ असे सांगून भागत नाही. जुन्या विमानतळावरही दोन टर्मिनल आहेत: टर्मिनल १ पश्चिम द्रुतगती महामार्गालगत, आणि टर्मिनल २ सहारला. आंतरराष्ट्रीय उड्डाणे टर्मिनल २ वरून होतात, पण देशांतर्गत विमान दोहोंपैकी कोठेही उतरू शकते.

जुन्या विमानतळावरून दक्षिण मुंबईकडे

या प्रवासाचे चित्र अलीकडे पुरते बदलले आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. सुमारे ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्थानके आहेत आणि दोन्ही टर्मिनलांसाठी वेगळे स्थानक आहे. सुरू झाली तेव्हा तिचे भाडे अंतरानुसार १० ते ७० रुपये होते. टर्मिनल २ वरून सीएसएमटीला साधारण पाऊण तासाच्या आसपास पोहोचता येते, आणि सकाळी नऊ वाजताही तेवढाच वेळ लागतो. रस्त्याने हेच अंतर कधी पन्नास मिनिटांत कापले जाते, तर कधी दीड तास लागतो.

टर्मिनलमधून बाहेर पडल्यावर मेट्रोच्या फलकांचा माग काढत थोडे चालावे लागते. भुयारात मोबाइलला रेंज मिळेलच असे गृहीत धरू नये. तिकीट आणि कोणत्या स्थानकावर उतरायचे हे वरच पाहून घ्यावे. उतरण्याचे स्थानक निवडताना जरा विचार करावा. मंत्रालयात काम असेल तर विधान भवन, फोर्टातील कार्यालयांसाठी हुतात्मा चौक, बाहेरगावची गाडी पकडायची असेल तर सीएसएमटी किंवा मुंबई सेंट्रलजवळचे जगन्नाथ शंकरशेट, आणि चिराबाजाराच्या किंवा ठाकूरद्वाराच्या बाजूला राहणाऱ्या नातेवाइकांकडे जायचे असेल तर गिरगाव ही स्थानके सोयीची पडतात. दादरचे मेट्रो स्थानक मात्र दादरच्या रेल्वे स्थानकाला चिकटून नाही, ते पश्चिमेला गोखले रोडच्या बाजूला आहे. तेथून लोकल पकडायची असेल तर दहा मिनिटांची पायपीट धरून चालावी.

वयस्कर माणसे बरोबर असली, सामान तीन-चार बॅगांचे असले किंवा मध्यरात्र उलटलेली असली तर टॅक्सीच करावी, त्यात कंजुषी करू नये. प्रीपेड काउंटरवर भाडे आधी ठरते आणि घासाघीस टळते. ॲपवरच्या गाड्या ठरवून दिलेल्या जागीच मिळतात. काळ्यापिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ मध्ये ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये झाले. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत मीटरच्या भाड्यावर पंचवीस टक्के जास्त द्यावे लागतात. रिक्षा मात्र वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला येत नाही, त्यामुळे विमानतळावरून रिक्षाने थेट दादर गाठण्याचा बेत मनातून काढून टाकावा. टॅक्सीवाल्याने वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि पुढे किनारी रस्त्याने जाण्याविषयी विचारले, तर सेतूचा टोल प्रवाशाकडे येतो हे लक्षात ठेवून होकार द्यावा. गर्दीच्या वेळी वाचलेल्या वेळातून तो टोल भरून निघतो.

विमानतळावरून ठाणे, कल्याण किंवा बोरिवलीकडे

विमानाने उतरलेल्या सर्वांनाच दक्षिणेला जायचे नसते. टर्मिनल २ वरून मेट्रो ३ ने उत्तरेकडे एकच स्थानक गेले की मरोळ नाका येते. तेथे वर्सोवा-घाटकोपर ही २०१४ पासूनची मेट्रो १ मिळते, आणि शहराचा आडवा प्रवास खऱ्या अर्थाने हिनेच सुसह्य केला. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणला जाणाऱ्याने घाटकोपरला उतरून मध्य रेल्वेची लोकल पकडावी. बोरिवलीच्या पूर्वेला जायचे असेल तर वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानकावर उतरून गुंदवलीहून मेट्रो ७ घ्यावी, किंवा अंधेरीला जाऊन पश्चिम रेल्वेची लोकल धरावी. मेट्रो १ वर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचे स्थानक आहे, ते विमानतळाच्या दारात आहे असे समजू नये. परतीच्या प्रवासात हे नाव पाहून तेथे उतरणारे लोक नंतर बॅगा ओढत रिक्षा शोधताना दिसतात.

नवी मुंबईच्या विमानतळावरून

सामान बेताचे असेल तर बसने किंवा रिक्षाने जवळचे रेल्वे स्थानक गाठावे. उरण मार्गावरचे तरघर सर्वात जवळचे आहे, पण त्या मार्गावर गाड्या कमी असल्याने वेळापत्रक पाहूनच तेथे जावे. अन्यथा बेलापूर किंवा पनवेल गाठून हार्बरची लोकल धरणे बरे. गाडीने दक्षिण मुंबई गाठायची असल्यास अटल सेतूला पर्याय नाही. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा सुमारे २२ किलोमीटरचा पूल शिवडीला उतरवतो. मोटारीला एका फेरीचा टोल सुरुवातीपासून २५० रुपये ठेवला होता. दुचाकी आणि रिक्षा यांना पुलावर बंदी आहे. ज्याला चेंबूर किंवा घाटकोपरला जायचे आहे त्याने मात्र सेतूवर चढू नये, वाशीमार्गेच यावे.

उपनगरातून लोकलने

विरारपासून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर, कल्याणपासून सीएसएमटी सुमारे ५४ आणि पनवेलपासून सुमारे ४९. ही अंतरे लोकलने सव्वा ते दीड तासात पार होतात. दुसऱ्या वर्गाचे तिकीट पाच रुपयांपासून सुरू होते, याची इतर शहरांतील लोकांना अजूनही गंमत वाटते. रेल्वेच्या ॲपवरून तिकीट काढायचे असेल तर ते स्टेशनात शिरण्याआधीच काढावे. फलाटावर उभे राहून काढू गेल्यास ॲप नकार देते. साध्या तिकिटावर वातानुकूलित लोकलमध्ये चढू नये, दंड होतो.

गाडी निवडताना इंडिकेटरवर शेवटचे स्थानक आणि गाडी जलद आहे की धीमी, हे दोन्ही वाचावे. जलद गाडी सगळीकडे थांबत नाही आणि नेमके तेथेच अनेकजण फसतात. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा केईएममध्ये येणाऱ्यांचे उदाहरण घेऊ, कारण राज्यभरातून माणसे तेथे येतात. कल्याणहून येणाऱ्याने जलद गाडीने दादरला यावे, पादचारी पुलावरून धीम्या गाडीच्या फलाटावर जावे आणि पुढचेच स्थानक असलेल्या परळला उतरावे. विरारहून येणाऱ्याने तसेच दादरला धीमी गाडी धरून प्रभादेवीला उतरावे; तेथून रेल्वेच्या पुलाने पायी परळच्या बाजूला जाता येते. प्रभादेवीचा वाहनांचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, म्हणून पश्चिमेला उतरून टॅक्सी करण्याच्या भरीस पडू नये.

सकाळी आठ ते अकरा या वेळेत शहराकडे येणाऱ्या गाड्या ओसंडून वाहतात. बॅगा असतील तर ही वेळ टाळावी, किंवा गाडी जेथून सुटते त्या स्थानकावर जाऊन बसायला जागा मिळवावी. चढल्यावर बॅग वरच्या रॅकवर टाकावी, आणि उतरण्याच्या दोन स्थानके आधीच दाराकडे सरकायला लागावे. पुढच्या माणसाच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून ‘दादर उतरणार का?’ असे विचारावे. तो ‘हो’ म्हणाला की त्याच्या मागे उभे राहावे, ‘नाही’ म्हणाला की तो स्वतःच अंग चोरून जागा करून देतो. फलाट कोणत्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारावे. मी पहिल्यांदा दोन बॅगा घेऊन आलो तेव्हा हे काहीच न विचारता दाराच्या चुकीच्या बाजूला उभा राहिलो. उतरायचे होते दादरला, उतरलो मुंबई सेंट्रलला.

रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉकची बातमी पाहावी. दुरुस्तीसाठी दुपारचे काही तास एखादा मार्ग बंद असतो किंवा जलद गाड्या धीम्या मार्गावरून धावतात. हार्बरवर राहणाऱ्यांना हा अनुभव पाठ आहे, पाहुण्यांना नसतो.

स्वतःच्या गाडीने

दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि वाशी येथील प्रवेशाच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. पूर्वेकडून येणाऱ्याने चेंबूरनंतर पूर्व मुक्त मार्ग धरावा, तो थेट सीएसएमटीच्या जवळ आणून सोडतो. त्यावर दुचाकी नेता येत नाही. दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा मिळणे हाच खरा प्रश्न असल्यामुळे, शक्य असेल तर गाडी ठाण्यात किंवा वाशीत नातेवाइकांच्या सोसायटीत ठेवून पुढे लोकलने यावे.

रात्री उशिरा उतरल्यास

मेट्रो ३ ची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास असते. लोकल त्यानंतरही धावते, पण साधारण एक ते चार या वेळेत तीही बंद असते. विमान रात्री दोनला उतरले आणि टॅक्सीचा खर्च परवडत नसेल, तर टर्मिनलमध्येच सामानाजवळ बसून राहावे आणि पहाटे उजाडता उजाडता रिक्षाने अंधेरी किंवा विलेपार्ले स्थानक गाठावे. तेवढ्या पहाटे चर्चगेटच्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळते, आणि बॅग ठेवायला समोरचे बाकही रिकामे असते.