घरात ‘अरे’, कागदावर ‘पुरुष’: ट्रान्समॅनसाठी कामांचा क्रम

ट्रान्समॅन म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा माणूस. त्याच्यासाठी घरच्यांनी स्वीकारणं आणि सरकारी कागद बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. ‘आधी घरचे मानू देत, मग कागदांचं बघू’ असं म्हणत अनेकांची चार-पाच वर्षं जातात. १८ वर्षं पूर्ण असतील तर लिंगओळखीच्या प्रमाणपत्राच्या अर्जावर आईवडिलांची सही लागत नाही (अज्ञान मुलासाठी मात्र पालकच अर्ज करतात). दोन्ही कामं समांतर चालू द्या, पण त्यांतल्या पायऱ्यांचा क्रम पाळा.

घरी सांगण्याआधी

जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, पासबुक हे सगळं बहुतेक घरांत वडिलांच्या कपाटातल्या एकाच फाइलमध्ये असतं. वाद झाला की ती फाइल कुलपात जाते. म्हणून मूळ कागद स्वतःकडे घ्या. ते जमत नसेल तर स्कॅन करा आणि मिळतील ते कागद डिजिलॉकरमध्ये आणा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आधारला जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे का, ते बघा. बऱ्याच जणांच्या आधारला वडिलांचा किंवा भावाचा नंबर असतो. मग ऑनलाइन काहीही करायला गेलं की ओटीपी त्यांच्या फोनवर जातो, आणि तुम्ही सांगण्याआधीच घरात प्रश्न सुरू होतात. आधार केंद्रावर जाऊन हा नंबर बदलून घ्या.

नाव आताच पक्कं करा. मराठीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे. ‘ऋषिकेश’ कुणी ‘एच’पासून लिहितो, कुणी ‘आर-यू’ने, कुणी ‘आर-आय’ने. तीन कागदांवर तीन स्पेलिंग झाली की आधार-पॅन जोडणी अडते आणि बँक केवायसी परत पाठवते. एका वहीत नाव लिहून ठेवा आणि प्रत्येक अर्ज त्यावरून भरा. मधलं नाव आणि आडनाव तसंच ठेवायचं असेल तर ठेवता येतं. घरी हे मुद्दाम सांगा. ‘माझ्या नावापुढे तुमचंच नाव राहणार आहे’ हे वाक्य ऐकल्यावर कित्येक वडील पहिल्यांदा नीट ऐकायला बसतात.

घरी सांगताना

गणपती, दिवाळी, घरातलं लग्न किंवा कुणाचं आजारपण सुरू असताना हा विषय काढू नका. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच. आधी एका माणसाला सांगा, ज्याचं घरात ऐकलं जातं: मामा, मावशी, आत्या, मोठी बहीण. आईवडिलांशी बोलताना ते माणूस शेजारी असू द्या.

बोलणं छोटं ठेवा. मी मुलगा आहे, हे मला बऱ्याच काळापासून माहीत आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. शस्त्रक्रिया, हार्मोन, लग्न हे सगळं पहिल्याच दिवशी काढलं तर घरच्यांना फक्त ‘ऑपरेशन’ एवढंच ऐकू येतं.

‘तृतीयपंथी’ हा शब्द घरच्यांच्या ओळखीचा असतो, पण त्यातून त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र उभं राहतं. ‘ट्रान्समॅन’ किंवा ‘पारलिंगी पुरुष’ म्हणा आणि अर्थ एका वाक्यात सांगा. सरकारी अर्जात मात्र ‘तृतीयपंथी’ दिसेल, हेही आधी सांगून ठेवा.

कुणी देवऋषाकडे न्यायचं काढेल, कुणी ‘डॉक्टरकडून बरं करून घेऊ’ म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ट्रान्स असणं हा मानसिक आजार धरलेला नाही. ‘बदलून टाकण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर जा, पण आईवडिलांना सोबत न्या आणि हा विषय हाताळलेला डॉक्टर निवडा. डॉक्टरच्या तोंडून आलेलं वाक्य घरात जास्त टिकतं.

बोलण्यातला बदल

मराठीत ‘मी निघतो’ की ‘मी निघते’, यातच सगळं उघड होतं. घरच्यांची जीभ खरी अडते ती इथेच, कारण ‘अगं, जेवलीस का?’ हे वीस वर्षांचं वळण असतं. ते एका दिवसात जात नाही, पण मराठीनेच मधली वाट ठेवली आहे. भविष्यकाळात लिंग दिसत नाही: ‘मी येईन’, ‘तू येशील का?’. भूतकाळातल्या बहुतेक सकर्मक क्रियापदांनाही बोलणाऱ्याचं लिंग लागत नाही: ‘मी भात खाल्ला’ मुलगाही म्हणतो, मुलगीही. ‘जेवलीस का?’ऐवजी ‘तुझं जेवण झालं का?’ म्हणता येतं. ‘कुठे गेली होतीस?’ऐवजी ‘कुठे जाऊन आलं जरा?’ नको, ते परकं वाटतं. ‘कुठे होता मुक्काम?’ चालेल.

आईला हे दोन-तीन पर्याय शिकवा. जुनं बोलायला तुम्हाला त्रास आणि नवं बोलायला तिला संकोच, तेवढा काळ यावर निभतो. मग आधी ‘अगं’चं ‘अरे’ करा, त्यानंतर नाव, आणि शेवटी नाती: ‘ताई’चं ‘दादा’, ‘भाची’चं ‘भाचा’. स्वतःसाठी ‘मी आलो’ म्हणणं मात्र पहिल्या दिवसापासून सुरू ठेवा. कोल्हापूर-सांगलीकडे मुलीही ‘मी आलो’ म्हणतात, त्यामुळे तिथे नुसत्या त्या बदलाने घरच्यांना काही कळणार नाही. ‘मला अरे म्हणा’ असं सांगावं लागेल.

चूक झाली तर सगळ्यांसमोर टोकू नका. तेच वाक्य तुम्ही बरोबर रूपात म्हणा आणि पुढे चला. कुणी मुद्दाम करत असेल तर एकांतात स्पष्ट बोला. भाऊबीजेला तुम्ही ओवाळायचं की पाटावर बसायचं, हे त्या दिवशी नाही, आठवडाभर आधी ठरवा. बहीण तयार असेल तर तो पाट बरंच काही सोपं करतो.

कागदपत्रं

१५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदेशीर ठरवलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम यांनी प्रत्यक्षातली पद्धत घालून दिली: ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज आणि शपथपत्र, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र. त्या मूळ कायद्यातल्या कलम ६ खाली ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद मिळत असे. ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर कलम ७ खाली, वैद्यकीय प्रमाणपत्रासह, दुसरा अर्ज असे. कायद्यातल्या तरतुदी बदलतात. म्हणून फॉर्म भरण्याच्या दिवशी लागू असलेली तरतूद पोर्टलवर आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून तपासा. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे.

नाव बदलल्याची जाहिरात महाराष्ट्र शासन राजपत्रात येते. त्याचा अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर करा. छापून येण्याआधी मजकुरातलं प्रत्येक अक्षर वहीशी ताडून बघा.

यानंतर आधार, मग पॅन, मग बँक, मग पासपोर्ट. आधारमध्ये नाव साधारण दोनदा आणि लिंग एकदाच बदलता येतं. म्हणून पुढे ‘पुरुष’ नोंद घ्यायचीच असेल तर आधी घाईने ‘ट्रान्सजेंडर’ करून ती एकमेव संधी खर्चू नका. नंतर आधारच्या प्रादेशिक कार्यालयाच्या फेऱ्या पडतात.

सगळ्यांत चिवट काम दहावीच्या गुणपत्रिकेचं. तिचा रस्ता शाळेच्या जनरल रजिस्टरमधून मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, आणि शाळा सोडल्यानंतर नोंद बदलत नाही असं बहुतेक ठिकाणी तोंडी सांगतात. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. पुढे वकील करायचा तर हातात तोच कागद लागतो.

घरात धोका असेल तर

मारहाण, कोंडून ठेवणं, जबरदस्तीचं लग्न यांची शक्यता दिसत असेल तर वरचा क्रम सोडा आणि आधी बाहेर पडा. ‘मी सज्ञान आहे, स्वतःच्या इच्छेने घर सोडत आहे’ असं पत्र पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, कारण घरचे लगेच हरवल्याची तक्रार करतात. २०१९ च्या कायद्याने राहत्या घरातून हाकलणं आणि शारीरिक-मानसिक छळ हे गुन्हे धरले असून त्यांना सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली आहे. मन फार खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

कागदांच्या क्रमात रेशनकार्ड शेवटी ठेवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कुटुंबप्रमुख घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई असते, म्हणजे बहुतेक घरांत आई किंवा आजी. ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ या रकान्यात ‘मुलगी’च्या जागी ‘मुलगा’ करायचा अर्ज तिच्या सहीने जातो. तिला तहसील कार्यालयात एकटं पाठवू नका, सोबत जा.