राज्यातल्या बालगरिबीचा अंदाज कसा काढावा: घरं मोजू नका, लेकरं मोजा

विदर्भातल्या गावांत काम करणाऱ्या संस्थांच्या अहवालात मला एक वाक्य वारंवार दिसतं : "महाराष्ट्रात ७.८१ टक्के मुलं गरीब आहेत." हे चूक आहे. ७.८१ हा नीती आयोगाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला बहुआयामी गरिबीचा (म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान मिळून मोजलेल्या गरिबीचा) आकडा. तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवरून (२०१९-२१) काढलाय, आणि त्यात लहानथोर सगळी माणसं आहेत. मुलांचा आकडा वेगळा काढावा लागतो.

सर्वेक्षणाची माहिती तुमच्या हाताशी आहे आणि आकडेमोडीचं पॅकेज चालवता येतं, असं धरून पुढचं सांगतो.

आधी गरीब कोणाला म्हणायचं ते पक्कं करा. तेंडुलकर पद्धतीची दारिद्र्यरेषा (२०११-१२ साठी ग्रामीण महाराष्ट्रात माणशी महिना ९६७ रुपये) खर्चावर उभी आहे. या सर्वेक्षणात घरखर्चाचा हिशेब घेतलेला नाही, म्हणून ती इथे बसवायला जाऊ नका. नीती आयोगाचे १२ निर्देशक घ्या : पोषण, शाळेतली हजेरी, स्वयंपाकाचं इंधन, पाणी, घर वगैरे. ज्या निर्देशकात घर कमी पडतं, त्याचे ठरलेले गुण वंचिततेच्या खात्यात जातात. घराच्या वंचिततेचे गुण एकूण गुणांच्या एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भरले की ते घर गरीब, आणि त्यातलं प्रत्येक माणूसही गरीब. मूल म्हणजे १८ वर्षांखालचं.

आता खरी अडचण. मी स्वतः इथेच आपटलो होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत बैठक होती. गरीब घरांची टक्केवारी काढून मी ती "गरीब मुलांची टक्केवारी" म्हणून फळ्यावर लिहिली. सेविकाताईंनी आपलं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. एका ओळीवर बोट ठेवलं : दोन म्हातारी माणसं, लेकरू नाही. दुसऱ्या ओळीवर ठेवलं : गावाबाहेरची झोपडी, पाच लेकरं. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या कागदावर हे दोन्ही घरं एक-एकच काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फळा पुसला.

त्यांचं म्हणणं आकड्यांत मांडून बघा. समजा, दहा घरं आहेत. दोन गरीब, प्रत्येकात चार मुलं. उरलेल्या आठांपैकी चार घरांत दोन-दोन मुलं, चारांत एकही नाही. गरीब घरं दहात दोन, म्हणजे २० टक्के. बिनमुलांची घरं वगळली तर सहात दोन, म्हणजे ३३ टक्के. बरेच जण इथेच थांबतात आणि काम झालं समजतात. पण मुलं मोजली तर सोळापैकी आठ गरीब घरात आहेत. म्हणजे ५० टक्के! एकाच गावाची तीन उत्तरं, आणि बालगरिबीचं उत्तर त्यातलं शेवटचंच.

म्हणून व्यक्तीनिहाय फाइल घ्या. तिच्यात प्रत्येक मुलाची स्वतंत्र ओळ असते. १८ वर्षांखालच्या ओळी ठेवा, घराचा गरीब-बिगरगरीब शिक्का त्यांना लावा, आणि सर्वेक्षणात दिलेला भारांक (नमुन्यातली एक ओळ राज्यातल्या किती जणांच्या वतीने बोलते ते सांगणारा आकडा) वापरून टक्केवारी काढा. कुटुंबनिहाय फाइलच हाती असेल तर घराच्या भारांकाला मुलांच्या संख्येने गुणा. दोन्ही एकदम करू नका. व्यक्तीनिहाय फाइलमध्ये पुन्हा मुलांच्या संख्येने गुणलं की मोठ्या कुटुंबातलं मूल दुप्पट-चौपट मोजलं जातं, आणि पॅकेज चूक दाखवत नाही.

भारांक टाळायचा नाही. त्याशिवाय निघालेला आकडा फक्त नमुन्याचा असतो, राज्याचा नसतो.

आकड्यासोबत त्याची कमी-जास्त होण्याची मर्यादा लिहा. नमुना गावागावांतून गुच्छाने घेतलेला असतो, एका गावात साधारण २२ घरं. त्या घरांची विहीर एक, शाळा एक, मजुरीही तीच, म्हणून शंभर मुलं विचारली तरी शंभर वेगळ्या गोष्टी कळत नाहीत. गुच्छाची ही नोंद पॅकेजला द्यायलाच हवी. ४०० मुलांत २० टक्के गरीब निघाली आणि गुच्छामुळे विचरण (अंदाज किती हलू शकतो याचं माप) दुप्पट झालं, तर खरा आकडा साधारण साडेचौदा ते साडेपंचवीसच्या दरम्यान. तोच हिशेब ६० मुलांवर केला तर सहा ते चौतीस. इतक्या रुंद पट्ट्यावर कुठलीही योजना आखता येत नाही.

आणि म्हणूनच राज्याचा आकडा धारणी किंवा घाटंजी तालुक्यावर चिकटवू नका. हे सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतचे अंदाज देण्यासाठी रचलेलं आहे, तालुक्यासाठी नाही. तालुक्याचं बोलायचं असेल तर घरोघर जा. अंगणवाडीचं रजिस्टर सहा वर्षांपर्यंतच पुरतं. पुढच्या मुलांसाठी शाळेचा पट बघा, आणि कुलूप लावलेल्या घराच्या शेजारी विचारा की वीटभट्टीवर कोण कोण गेलंय, सोबत लेकरं किती नेली.