मोबाइलवरून बिल भरणाऱ्याची वाट कागदावर कशी काढावी

एखादे काम पुरे करताना माणूस ॲपच्या कोणत्या पडद्यावरून कोठे जातो, याचा नकाशा काढायचा असेल तर आरंभ ॲपपासून न करता कामापासून करावा. 'वीजबिलाचे ॲप' हा विषय फार पसरट होतो. 'वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या सत्तरीच्या आजींनी या महिन्याचे बिल भरणे' हा विषय मात्र आवाक्यातला आहे. त्याचा शेवट कोठे, हेही आधीच ठरवावे. खात्यातून पैसे गेले की ॲपच्या लेखी काम संपते. आजींच्या लेखी ते पावती मुलाला व्हॉट्सॲपवर पोहोचल्यावर संपते, आणि नकाशात आजींचाच शेवट धरावा.

नंतर त्यांच्याशेजारी बसून, काहीही न सुचवता, प्रत्येक कृती वेगळ्या चिठ्ठीवर लिहावी. गप्प बसणे हेच यातले सर्वांत अवघड काम, कारण बोट भलत्या बटणाकडे वळले की 'अहो, ते नव्हे' हे शब्द ओठांवर येतातच. ग्राहक क्रमांकासाठी आजी उठून जुने कागदी बिल शोधतात, गुजराती मजकूर सहज वाचतात पण इंग्रजी बटणापाशी अडतात, ओटीपी पाहण्यासाठी संदेशांत जातात आणि परत येईपर्यंत भरलेला अर्ज कोरा झालेला असतो. पडद्याबाहेरच्या अशा पायऱ्या तुटक रेघांच्या चौकटीत दाखवाव्यात. त्या गाळल्या तर आजी कोठे थकल्या हे नकाशावरून कधीच कळणार नाही.

कामाच्या पायऱ्या चिन्हांनी मांडण्याची पद्धत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ च्या सुमारास अमेरिकेत पुढे आणली. आज रूढ असलेल्या खुणांपैकी तीन पुरेशा आहेत: सुरुवात व शेवट यांसाठी गोलसर टोकांची चौकट, कृतीसाठी आयत आणि निर्णयासाठी शंकरपाळ्याचा आकार.

शंकरपाळ्यातून 'होय' आणि 'नाही' अशा दोनच वाटा काढण्याची सवय पैशांच्या व्यवहारात मात्र घातक ठरते. यूपीआयने पैसे भरताना व्यवहार यशस्वी होतो, फसतो किंवा काही काळ प्रलंबित राहतो, आणि या तिसऱ्या अवस्थेतच माणूस घाबरून पुन्हा पैसे भरतो. म्हणून तिची वाट सविस्तर काढावी: पडद्यावर नेमके कोणते शब्द दिसतात, व्यवहार क्रमांक मिळतो का, दुसऱ्यांदा भरण्याआधी ॲप सावध करते का, आणि तासाभराने परत आलेल्या माणसाला आधीचा व्यवहार कोठे सापडतो.

नकाशा झाला की तो ॲप न वापरलेल्या माणसाच्या हाती द्यावा आणि बाणांवरून बोट फिरवत काम पुरे करायला सांगावे. बोट जेथे थांबेल तेथे एक बाण राहून गेला आहे असे समजावे. मांडवीतल्या एखाद्या दुकानदाराची वाट त्याच कागदावर, पण दुसऱ्या शाईने काढावी. दोघांची सरासरी काढून एकच रेघ ओढली तर ती वाट ना आजींची राहते, ना दुकानदाराची.