किलाउएआचा वाहता लाव्हा पाहायचा असेल, तर आधी तारखेचे गणित सोडवावे

हवाईच्या मोठ्या बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीवर मी पाच वेळा गेलो आणि त्यांपैकी दोनदा मला केवळ वाफ दिसली. प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. कोना किंवा हिलोला उतरावे आणि गाडी भाड्याने घ्यावी. ज्वालामुखीचे राष्ट्रीय उद्यान हिलोहून पाऊण तासावर असून कोनाहून दोन-अडीच तास लागतात, आणि ते चोवीस तास उघडे असते. खरी अडचण तारखेची आहे.

‘उद्रेक सुरू आहे, लगेच निघा’ हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. २३ डिसेंबर २०२४ रोजी शिखरावरील हालेमाउमाउ विवरात सुरू झालेला उद्रेक सलग चाललेला नाही. लाव्हाची कारंजी उसळतात, काही वेळा ३०० मीटरच्याही वर जातात, विवराच्या तळावर लाव्हाचे पाट पसरतात, आणि बहुतेक वेळा दिवसभराच्या आतच सारे एकाएकी थांबते. त्यानंतर काही दिवस, कधी काही आठवडे शांतता असते. त्यामुळे बातमी वाचून तिकीट काढणारा माणूस बहुधा त्या शांततेतच येऊन पोहोचतो.

मीही तसाच पोहोचलो होतो. साताऱ्याहून मामा-मामी आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले होते. शुक्रवारी बातमी वाचली, शनिवारी विमान पकडले आणि रात्री कठड्याशी जाऊन उभे राहिलो, तर कारंजे दुपारीच थांबले होते. ज्वालामुखीच्या धोक्याची रंगांत दिली जाणारी पातळी मात्र तेव्हाही नारिंगीच, म्हणजे इशाऱ्याचीच होती आणि तिच्यावर विसंबणे ही माझी दुसरी चूक होती, कारण दोन कारंज्यांमधल्या शांततेतही ती पातळी सहसा नारिंगीच ठेवली जाते. मामांनी तीन दिवस वाफ पाहिली आणि एका शब्दानेही तक्रार केली नाही, हे मला अधिक लागले.

पाहावा तो जमिनीच्या कलाचा आलेख. हवाईयन व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरी ही १९१२ पासून काम करणारी वेधशाळा तो आपल्या संकेतस्थळावर सतत देत असते. शांततेच्या काळात खालून मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, भरत जातो, शिखराची जमीन फुगते आणि आलेख वर चढतो. कारंजे उसळले की जमीन बसते आणि आलेख कोसळतो. हा कल मायक्रोरेडियनमध्ये मोजतात. एक किलोमीटर लांबीच्या दांड्याचे एक टोक एक मिलिमीटर उचलले, तर जेवढा कल येईल तेवढा एक मायक्रोरेडियन. मागच्या कारंज्याने जेवढी घट झाली होती, तेवढी बहुतांश भरून आली की पुढचे कारंजे जवळ आले असे समजावे. त्याच सुमारास मुखातून थोडा लाव्हा ओसंडतो, पुन्हा आत ओढला जातो, पुन्हा ओसंडतो. हा खेळ काही तासांत संपतो किंवा दोन-तीन दिवसही चालतो, म्हणून पहिल्या ओसंडण्यावर धावत सुटू नये.

वेधशाळा या साऱ्यावरून संभाव्य तारखांचा पट्टा जाहीर करते. त्यातला आपल्या सोयीचा दिवस निवडून जाणे हा जुगार आहे. संपूर्ण पट्टा आणि त्यापुढे दोन दिवस मोकळे ठेवावेत, ऐनवेळी रद्द करता येईल असाच मुक्काम घ्यावा आणि तो कोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर न घेता उद्यानालगतच्या व्होल्कॅनो गावात किंवा हिलोत घ्यावा. रात्री दोन वाजता कारंजे सुरू झाले, तर कोनाहून निघालेला माणूस पहाटे पोहोचेल आणि वाहने लावण्याच्या जागेसाठी रांगेत उभा राहील. भारतातून येणाऱ्यांना एवढी लवचीकता परवडत नसेल, तर त्यांनी बेटावर आठ-दहा दिवस काढावेत. दोन-तीन दिवसांसाठी एवढा प्रवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरबसल्या वेधशाळेचे थेट कॅमेरे पाहताना हवाईची मध्यरात्र म्हणजे भारतातले दुपारचे साडेतीन, हे ध्यानात ठेवावे.

वाट पाहण्याचे दिवस वाया जात नाहीत. १९५९ च्या लाव्हातलावाच्या थिजलेल्या पृष्ठावरून किलाउएआ इकी या शेजारच्या विवराची पायवाट जाते. तेथे मामा वाकून खडकावर हात फिरवत म्हणाले, “हा तर आपल्या विहिरीतला पाषाण.” त्यांचे बरोबर होते; सह्याद्रीचा काळा कातळही असाच थरांवर थर वाहून थिजलेला बेसाल्ट आहे, फक्त तो सुमारे साडेसहा कोटी वर्षे जुना आहे.

कारंजे सुरू झाल्यावर प्रथम वाऱ्याची दिशा पाहावी. नेहमीचे ईशान्येचे वारे धूर नैर्ऋत्येकडे नेतात, तेव्हा उत्तरेकडच्या कड्यावरील उएकाहुना हे ठिकाण किंवा व्होल्कॅनो हाऊस या हॉटेलाजवळची जागा चांगली. वारा उलटला तर गंधकाचा धूर आणि हलक्या दगडांचा चुरा तेथेच येतो. अशा वेळी दमेकरी, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना घेऊन थांबू नये. या चुऱ्यासोबत काचेचे सोनेरी तंतू पडतात, ज्यांना स्थानिक लोक ज्वालामुखीदेवतेच्या नावावरून पेलेचे केस म्हणतात. गाडीच्या वायपरखाली त्यांचा झुबका अडकला होता, आणि मामी तो तळहाताने पुसणार तोच मी ओरडलो. ते हाताने झटकू नयेत, डोळे चोळू नयेत आणि वायपर तर मुळीच चालवू नये, काचेवर ओरखडे उठतात. भरपूर पाणी ओतून ते वाहून जाऊ द्यावेत.

शिखर सुमारे १२०० मीटर उंचीवर असल्याने रात्री थंडी आणि पाऊस दोन्ही असतात. स्वेटर, रेनकोट आणि विजेरी सोबत असावी. ड्रोनला बंदी आहे. कठडा ओलांडू नये, कारण कड्याच्या कडेला भेगा असतात आणि अंधारात त्या दिसत नाहीत.