खानदेशच्या उन्हात काँक्रीट रस्ता शिकताना

माझी पहिली साइट अमळनेर-चोपडा पट्ट्यातली. एप्रिल महिना, तापीकाठची काळी जमीन आणि दुपारी डोळे उघडू न देणारा वारा. कॉलेजात रिजिड पेव्हमेंट, म्हणजे काँक्रीटचा रस्ता, म्हटलं की वेस्टरगार्डची स्लॅबमधला ताण काढायची 1926 सालची सूत्रं, एवढंच माहीत होतं.

एके दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पीक्यूसी, म्हणजे रस्त्याच्या वरच्या स्लॅबचं काँक्रीट, टाकून झालं. जॉइंट कापायच्या कटरचं ब्लेड झिजलेलं, दुसरं जळगावहून यायचं होतं. आमचे मुकादम म्हणाले, "भाऊ, सकायनी वाट नको देखू, आतेच काप." मी सकाळवर ढकललं. सकाळी पाणी मारलं. पृष्ठभाग वाळत गेला आणि एक काळी ओली रेघ तेवढी मागे राहिली, केसाएवढी बारीक, जॉइंटच्या खुणेपासून हातभर लांब. कोअर, म्हणजे तपासायला काँक्रीटचा गोल तुकडा, काढला तर भेग तळापर्यंत गेलेली. अख्खं पॅनल फोडून, ड्रिल करून नवे डॉवेल, म्हणजे शेजारच्या स्लॅबांना जोडणाऱ्या सळ्या, बसवून पुन्हा ओतावं लागलं.

काँक्रीट आकसणारच. साधारण साडेचार मीटरवर जॉइंट कापायचा तो याचसाठी, की भेग आपण ठरवू तिथेच पडावी. काप स्लॅबच्या जाडीच्या पाव ते तृतीयांश खोल हवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार ते आठ तासांत काप झालाच पाहिजे, पण घड्याळावर विसंबू नका. थोडंसं कापून कड पाहा. खडी उखडत असेल तर अर्धा तास थांबा, कड स्वच्छ निघाली की रात्रीचे दोन वाजले असले तरी सुरू करा. नवीन मुलांना मी पहिल्या महिन्यात रात्रपाळीच देतो.

वारा तर उन्हापेक्षा वाईट. ओल्या पृष्ठभागातलं पाणी तो उडवून नेतो आणि तासाभरात आखूड भेगांची जाळी दिसू लागते. म्हणून टेक्स्चरिंग, म्हणजे पृष्ठभाग खरबरीत करणं, झाल्याबरोबर पाणी उडू न देणारं क्युरिंग कंपाउंड फवारा. मग ओली गोणपाटं, चौदा दिवस. गोणपाट वाळलेलं दिसलं की मला आजही राग येतो.

डिझाइन शिकायचं तर इंडियन रोड्स काँग्रेसचं काँक्रीट रस्त्यांच्या डिझाइनचं मार्गदर्शक, आयआरसी 58, त्याची 2015 ची आवृत्ती हातात घ्या, आणि आधी तापमानाचा भाग नीट समजून घ्या. आपल्या भागात स्लॅबच्या वरच्या नि खालच्या तापमानात वीसेक अंशांचा फरक धरतात. दुपारी वरची बाजू फुगते, कडा खाली दबतात आणि ओझ्याखाली भेग तळातून सुरू होऊ शकते. मध्यरात्रीनंतर उलटं: वरचा भाग गार, कोपरे उचललेले, भेग वरून खाली. म्हणून दिवसाची आणि रात्रीची जड वाहतूक वेगवेगळी मोजावी लागते. रावेर-यावलकडून केळी भरून निघालेला ट्रक रात्री दोनला स्लॅबवरून जातो तेव्हा त्या गणिताला अर्थ येतो. एक्सल लोड सर्व्हे, म्हणजे ट्रकच्या आसांवरचं वजन मोजणं, स्वतः उभं राहून करा, उसने आकडे वापरू नका.

खालची काळी माती फुगते आणि आकसते. चांगल्या मुरमाचा पुरेसा थर आणि त्यावर डीएलसी, म्हणजे कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट, नसेल, तर वरचं एम-40 दर्जाचं काँक्रीट एकटं काही वाचवत नाही.

जुना रस्ता तपासायला पायी जा, गाडीतून काही दिसत नाही. जॉइंटवर तीन मीटरची पट्टी ठेवून पायरी पडली आहे का बघा. शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, जॉइंटशी चिखलाचे डाग दिसले, तर पाणी खालची बारीक माती बाहेर ओढतंय, कोपरा तुटायच्या मार्गावर आहे असं समजा. उभ्या लांब भेगेला तिरपे बार घालून क्रॉस स्टिचिंग चालतं. तुटलेल्या कोपऱ्याला पूर्ण खोलीची दुरुस्तीच लागते, वरून सिमेंट फासून भागत नाही.

आणि सीलंट, म्हणजे पाणी शिरू नये म्हणून जॉइंटमध्ये भरलेला मसाला. मृग लागायच्या आत प्रत्येक जॉइंट वाकून बघा. सुटलेलं सीलंट काढा, खाच कॉम्प्रेसरने कोरडी करा, तळाशी बॅकर रॉड, म्हणजे फोमची दोरी, घाला आणि मगच नवीन भरा.