सोलापूर ते तुळजापूर पायी जाताना

कोजागरी पौर्णिमेला सोलापुरातून तुळजाभवानी आईच्या दर्शनाला पायी निघणाऱ्या नवख्या भाविकांनी सुमारे ४५ किलोमीटरचे हे अंतर एका दमात संपवण्याचा हट्ट धरू नये. सोलापुरातल्या रूपाभवानी देवीला नमस्कार करून ऊन कलल्यावरच निघावे, कारण दिवसभर तापलेले डांबर अनवाणी पायांना फार भाजते. अनवाणी जाण्याचा नवस नसेल, तर वापरून मऊ पडलेले बूट घालावेत. नव्या बुटांनी टाचेला हमखास फोड येतो. तो फोडू नये, वर स्वच्छ पट्टी बांधावी. तामलवाडीच्या आसपास पाय जड होऊ लागले, की बसून पोटऱ्या चोळाव्यात आणि घोट घोट पाणी प्यावे. वाटेतला प्रसाद श्रद्धेने, पण बेतानेच घ्यावा, कारण शेवटी तुळजापूरचा घाट चढायचा असतो.